वृक्षरचनेतील अपत्य घटक काढणे

वृक्षरचनेतील अपत्य घटक काढणे ही डेस्कटॉप संगणकावरील उपयोजनांच्या आज्ञावलीलेखनात नेहमी करावी लागणारी एक मूलभूत क्रिया आहे. फोल्डरांची उतरंड, ईमेलचे कप्पे, ग्रंथालयाची विषयवार सूची किंवा एखाद्या प्रकल्पातील फाइली पडद्यावर दाखवण्यासाठी उपयोजने वृक्षासारखी मांडणी वापरतात. अशा मांडणीतील एखाद्या घटकाखालचे एक, काही किंवा सर्व उपघटक दूर करणे म्हणजे ही क्रिया होय.

वरकरणी ही क्रिया सोपी दिसते. प्रत्यक्षात तिच्याशी तीन प्रश्न निगडित असतात. घटक काढत असताना उरलेल्यांचा क्रम बदलतो का? काढलेल्या घटकाने व्यापलेली स्मृती कोण मोकळी करतो? आणि पडद्यावरून दूर केलेली वस्तू मूळ साठ्यातूनही नाहीशी होते का? यांपैकी एकाही प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यास सूची अर्धवट रिकामी होणे, उपयोजन अचानक बंद पडणे किंवा वापरकर्त्याच्या माहितीची कायमची हानी होणे असे परिणाम संभवतात.

संज्ञा

संगणकशास्त्रातील वृक्ष उलटा वाढतो. त्याचे मूळ वर आणि पाने खाली असतात. वृक्षातील प्रत्येक घटकास नोड म्हणतात. सर्वांत वरच्या नोडला मूळ, एखाद्या नोडच्या लगेच वरच्या नोडला पालक आणि लगेच खालच्या नोडांना अपत्ये अशी नावे आहेत. एकाच पालकाची अपत्ये परस्परांची भावंडे ठरतात. ज्याला अपत्य नाही असा नोड म्हणजे पर्ण. एखादा नोड आणि त्याखालचा सर्व विस्तार मिळून उपवृक्ष होतो. मुळाखेरीज प्रत्येक नोडला नेमका एकच पालक असतो, हा वृक्षरचनेचा मुख्य नियम आहे.

या नियमामुळेच काढण्याच्या क्रियेला वेगळे महत्त्व येते. साध्या यादीतून एक ओळ काढली तर एकच ओळ जाते. वृक्षातून एक नोड काढला तर त्याखालचा संपूर्ण उपवृक्ष मुळापासून तुटतो, कारण त्या नोडांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्गच नसतो.

इतिहास

वृक्षरचनेचा सविस्तर विचार डोनाल्ड कनुथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात आढळतो. माहिती आणि तिचे पडद्यावरील रूप वेगळे ठेवण्याची कल्पना ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क येथे मांडली. मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली.

वैयक्तिक संगणकांवर फोल्डरांचा वृक्ष दाखवणाऱ्या आरंभीच्या लोकप्रिय उपयोजनांपैकी एक म्हणजे १९८५ मधील एक्सट्री. १९९० च्या विंडोज ३.० मधील फाइल मॅनेजरमध्येही असा वृक्ष होता. १९९५ मध्ये विंडोज ९५ सोबत ट्री-व्ह्यू हे तयार नियंत्रण सर्व आज्ञावलीकारांना उपलब्ध झाले आणि डाव्या बाजूस उघडझाप करता येणारा वृक्ष ही डेस्कटॉप उपयोजनांची परिचित खूण बनली. डिसेंबर १९९८ मधील जावा १.२ मध्ये स्विंग संचातील जेट्री, २००२ मध्ये जीटीके २.० मधील ट्रीव्ह्यू व डॉटनेटमधील विंडोज फॉर्म्सचा ट्रीव्ह्यू, २००५ मध्ये क्यूटी ४ ची मॉडेल-व्ह्यू रचना आणि २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ अशी साधने त्यानंतर आली.

क्रियेचे प्रकार

‘काढणे’ या एका शब्दात किमान चार वेगवेगळ्या क्रिया सामावलेल्या असतात.

विलग करणे: नोड पालकापासून सुटा होतो, पण नष्ट होत नाही. तो नंतर त्याच किंवा दुसऱ्या पालकाखाली जोडता येतो. ओढून दुसरीकडे ठेवण्याची सोय याच क्रियेवर उभी असते.

नष्ट करणे: नोड आणि त्याचा संपूर्ण उपवृक्ष विसर्जित होतो व त्यांची स्मृती मोकळी केली जाते.

रिकामे करणे: पालक जागेवर राहतो, फक्त त्याची अपत्ये जातात. एखादा फोल्डर ताज्या माहितीने पुन्हा भरायचा असतो तेव्हा ही क्रिया लागते.

लपवणे: नोड वृक्षात कायम असतो, मात्र दिसत नाही. शोधपेटीत अक्षरे टाकल्यावर न जुळणाऱ्या ओळी नाहीशा होतात, तेव्हा बहुधा हेच घडत असते.

या चारांत गल्लत होणे हे अनेक दोषांचे मूळ असते. जिथे विलग करायचे तिथे नष्ट केले तर पुढे जोडण्यासाठी काही उरत नाही. जिथे नष्ट करायचे तिथे नुसते विलग केले तर बेवारस नोड स्मृतीत साचत जातात.

क्रमांक सरकण्याची चूक

या विषयातील सर्वांत परिचित चूक म्हणजे पुढून मागे जात एकेक अपत्य क्रमांकाने काढणे. ग्रंथसूचीतील ‘साहित्य’ या नोडखाली कविता, कथा, कादंबरी आणि नाटक अशी चार अपत्ये असून त्यांचे क्रमांक अनुक्रमे ०, १, २ आणि ३ आहेत असे समजू. गणक ० पासून सुरू होतो आणि दर फेरीला एकाने वाढतो. गणक अपत्यांच्या चालू संख्येपेक्षा कमी असेपर्यंत फेऱ्या चालतात.

पहिल्या फेरीत क्रमांक ० ची कविता जाते. उरलेली तिन्ही अपत्ये एकेक स्थान वर सरकतात. कथा आता क्रमांक ० वर येते. गणक मात्र १ झालेला असतो, म्हणून दुसऱ्या फेरीत कादंबरी काढली जाते. कथा आणि नाटक ही दोन अपत्ये उरतात. गणक २ होतो, अपत्यांची संख्याही २ असते आणि फेऱ्या थांबतात. सर्व अपत्ये काढण्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीने निम्मीच काढली. फेऱ्यांची संख्या सुरुवातीलाच ४ अशी ठरवून टाकली असती, तर तिसऱ्या फेरीत क्रमांक २ वर कोणीच न सापडल्याने त्रुटी उद्भवली असती.

पहिला प्रकार अधिक फसवा आहे, कारण त्यात त्रुटीचा संदेश येत नाही. काढायचे नोड शेजारी शेजारी नसले तर ही आज्ञावली योग्य उत्तर देते. दोन काढण्याजोगी भावंडे लागोपाठ आली की दुसरे सुटते. त्यामुळे थोड्या नमुन्यांवर घेतलेल्या चाचणीत दोष दिसत नाही आणि प्रत्यक्ष वापरात तो कधीमधी डोके वर काढतो.

या चुकीवर चार रूढ उपाय आहेत.

१. शेवटून सुरुवात करणे. क्रमांक ३, २, १, ० या क्रमाने काढल्यास सरकण्यासारखे मागे काही उरत नाही. जावामधील डिफॉल्टम्युटेबलट्रीनोड या वर्गाची ‘रिमूव्हऑलचिल्ड्रन’ ही पद्धतही आतून शेवटच्या अपत्यापासूनच आरंभ करते.

२. अपत्य शिल्लक आहे तोवर पहिलेच अपत्य काढत राहणे. ही रीत अचूक असली तरी अपत्ये सलग सरणीत साठवलेली असतील तर महाग पडते. चार अपत्यांसाठी ३ + २ + १ म्हणजे ६ सरकवण्या होतात; १,००० अपत्यांसाठी हीच संख्या ४,९९,५०० इतकी होते.

३. काढायच्या अपत्यांची आधी वेगळी यादी करून मग त्या यादीवरून फिरणे. निवडक अपत्ये काढायची असतील तेव्हा ही पद्धत वाचायला सर्वांत सोपी असते.

४. सध्याचे भावंड काढण्यापूर्वी पुढच्या भावंडाचा संदर्भ जपून ठेवणे. साखळीसारख्या जोडलेल्या रचनांत हीच रीत लागते. विंडोजच्या ट्री-व्ह्यू नियंत्रणात क्रमांकाऐवजी हँडल असतात. हँडल काढून टाकल्यावर त्याला ‘पुढचा कोण’ असे विचारता येत नाही. म्हणून आधी विचारावे आणि मग काढावे, असा क्रम पाळला जातो.

काही भाषा ही चूक चालू अवस्थेतच पकडतात. जावामधील बहुतेक संग्रहांवरून फिरत असताना त्यांत परस्पर बदल केल्यास ‘कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन’ उद्भवते. डॉटनेटमधील लिस्ट या संग्रहाच्या बाबतीत ‘इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन’ येते. असा अपवाद वापरकर्त्यासमोर येणे गैरसोयीचे असले, तरी चुकीचे नोड मुकाट्याने मागे राहण्यापेक्षा ते बरे मानले जाते.

स्मृती आणि मालकी

काढलेल्या नोडचे पुढे काय होते हे भाषेवर आणि साधनसंचावर अवलंबून असते. जावा आणि सी-शार्प यांसारख्या भाषांत निरुपयोगी वस्तू आपोआप गोळा केल्या जातात. विलग केलेल्या उपवृक्षाकडे जाणारा एकही संदर्भ उरला नाही की त्याची स्मृती यथावकाश मोकळी होते. मात्र एखाद्या नोडने दुसऱ्या दीर्घायुषी वस्तूकडे घटनांची सूचना मागितली असेल आणि ती मागणी रद्द केली नसेल, तर तो संदर्भ नोडला, आणि कित्येकदा त्याच्यासोबत संपूर्ण उपवृक्षाला, धरून ठेवतो.

सी-प्लस-प्लसमध्ये मालकी स्पष्ट ठरवावी लागते. क्यूटीमधील क्यूट्रीविजेटआयटम या वर्गाची ‘रिमूव्हचाइल्ड’ ही पद्धत अपत्य विलग करते, नष्ट करीत नाही. ते नष्ट करण्याची जबाबदारी आज्ञावलीकाराकडे येते. ‘टेकचिल्ड्रन’ ही पद्धत सर्व अपत्यांची यादी हाती देते आणि त्या यादीवर ‘क्यूडिलीटऑल’ चालवणे हा सर्व अपत्ये नष्ट करण्याचा रूढ मार्ग आहे. उलट, अशा घटकाचा थेट नाश केला तर तो स्वतःहून वृक्षातून बाहेर पडतो.

उपवृक्ष नष्ट करताना साधारणपणे आधी अपत्ये आणि मग पालक असा क्रम ठेवतात. पालक आधी गेला तर अपत्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नाहीसा होतो. हे काम स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या आज्ञावलीने सहज होते. वृक्ष फार खोल असल्यास मात्र त्या बोलावण्यांसाठी राखलेली जागा अपुरी पडू शकते. अशा वेळी नोडांची स्वतंत्र चळत ठेवून फेऱ्यांनी काम केले जाते.

माहिती आणि दृश्य यांतील भेद

पडद्यावर दिसणारा वृक्ष हा बहुधा दुसऱ्याच कशाचे तरी चित्र असतो: डिस्कवरील फोल्डरांचे, विदागारातील नोंदींचे किंवा स्मृतीतील वस्तूंचे. चित्रातून ओळ पुसली म्हणजे मूळ वस्तू गेली असे होत नाही. उलटही खरे आहे: मूळ वस्तू गेली तरी चित्र आपोआप बदलत नाही.

ज्या साधनसंचांत दृश्य आणि माहिती वेगळी असते, तिथे काढण्याची क्रिया माहितीच्या बाजूने करावयाची असते आणि दृश्याला तसे कळवावे लागते. क्यूटीमध्ये ओळी काढण्यापूर्वी ‘बिगिनरिमूव्हरोज’ आणि काढून झाल्यावर ‘एंडरिमूव्हरोज’ या पद्धतींना बोलावणे बंधनकारक आहे. पहिल्या सूचनेने दृश्याला येऊ घातलेल्या बदलाची तयारी करता येते, दुसरीने बदल पूर्ण झाल्याचे समजते. ही जोडी वगळल्यास दृश्य अस्तित्वात नसलेल्या ओळींचे संदर्भ बाळगते आणि उपयोजन कोसळू शकते.

जावाच्या स्विंगमध्येही असाच नियम आहे. नोडवर थेट ‘रिमूव्हऑलचिल्ड्रन’ चालवल्यास मॉडेलला त्याची वार्ता लागत नाही. त्यानंतर मॉडेलची ‘नोडस्ट्रक्चरचेंज्ड’ किंवा ‘रीलोड’ ही पद्धत बोलवावी लागते. एकच नोड काढायचा असेल तर मॉडेलची ‘रिमूव्हनोडफ्रॉमपेरेंट’ ही पद्धत काढणे आणि कळवणे ही दोन्ही कामे एकत्र करते.

डब्ल्यूपीएफमध्ये वृक्ष ‘आयटम्ससोर्स’ या गुणधर्माने एखाद्या संग्रहाशी बांधलेला असेल, तर वृक्षातून थेट घटक काढण्याचा प्रयत्न अपवाद उत्पन्न करतो. घटक मूळ संग्रहातूनच काढावा लागतो. तो संग्रह ‘ऑब्झर्वेबलकलेक्शन’ प्रकारचा असला की बदलाची सूचना दृश्याला आपोआप मिळते.

विविध साधनसंचांतील पद्धती

विंडोजचे मूळ ट्री-व्ह्यू नियंत्रण: एक घटक काढण्याचा संदेश पाठवल्यास त्याची सर्व अपत्येही जातात. काढल्या जाणाऱ्या प्रत्येक घटकासाठी उपयोजनाला सूचना मिळते. घटकाशी जोडलेली स्वतःची माहिती मोकळी करण्याची ती योग्य वेळ असते. घटक न काढता केवळ त्याची अपत्ये काढण्यासाठी ‘मिटवा आणि विसरा’ अशा अर्थाची खूणही उपलब्ध आहे. ती मिटवण्याच्या नेहमीच्या खुणेसोबतच द्यावी लागते.

विंडोज फॉर्म्स: प्रत्येक नोडला ‘नोड्स’ नावाचा संग्रह असतो. त्यावर ‘क्लिअर’ चालवल्यास सर्व अपत्ये जातात. ‘रिमूव्ह’ आणि ‘रिमूव्हअ‍ॅट’ या पद्धतींनी एकेक अपत्य काढता येते. काढलेल्या नोडचा संदर्भ जपून ठेवल्यास तो पुन्हा जोडता येतो.

डब्ल्यूएक्सविजेट्स: ‘डिलीटचिल्ड्रन’ ही पद्धत दिलेल्या घटकाची सर्व अपत्ये काढते, घटक तसाच ठेवते. अपत्यांवरून फिरत असताना मध्येच एखादे काढल्यास पुढचे अपत्य मिळवण्याची क्रिया फसू शकते.

जीटीके: ट्रीस्टोअरमधून ओळ काढल्यावर हातातील निर्देशक त्याच पातळीवरील पुढच्या वैध ओळीकडे नेला जातो, तशी ओळ नसेल तर तो अवैध होतो. पद्धत होय-नाही असे उत्तर देते आणि त्यावरून फेरी चालू ठेवायची की नाही हे ठरते. जीटीके ४.१० पासून जुना ट्रीव्ह्यू कालबाह्य ठरवण्यात आला असून नव्या रचनेत यादी आणि वृक्षाचे मॉडेल वेगळे आहेत.

टीके: २००७ च्या टीके ८.५ पासून उपलब्ध झालेल्या ट्रीव्ह्यूमध्ये ‘डिलीट’ आणि ‘डिटॅच’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. पहिली घटक व त्याचे वंशज नष्ट करते, दुसरी विलग करते. विलग केलेला घटक ‘मूव्ह’ या आज्ञेने परत आणता येतो. मूळ घटक मात्र काढता येत नाही. पायथॉनमध्ये ‘गेटचिल्ड्रन’ने मिळालेली यादी थेट ‘डिलीट’ला देण्याची रीत प्रचलित आहे.

निवड आणि घटना

काढला जाणारा नोड निवडलेला असेल तर निवड कुठे जावी, हा प्रश्न उद्भवतो. साधारण संकेत असा की ती पुढच्या भावंडाकडे, ते नसल्यास मागच्या भावंडाकडे आणि तेही नसल्यास पालकाकडे जावी. कळफलकावरून किंवा पडदावाचकाच्या साहाय्याने काम करणाऱ्या दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी हा संकेत विशेष महत्त्वाचा आहे. निवड नाहीशी झाली किंवा वृक्षाच्या आरंभी गेली तर त्यांना आपली जागा नव्याने शोधावी लागते.

निवड सरकली की निवड बदलल्याची घटना उठते आणि तिला जोडलेली आज्ञावली काढण्याची क्रिया पूर्ण होण्याआधीच धावू शकते. ती नुकत्याच काढलेल्या नोडची माहिती मागू लागली तर दोष उद्भवतो. विंडोजच्या नियंत्रणात निवड बदलत असल्याच्या सूचनेला उत्तर देताना घटक काढणे सुरक्षित मानले जात नाही. अशा वेळी काढण्याचे काम पुढे ढकलून, चालू घटना संपल्यावर केले जाते.

कार्यक्षमता

प्रत्येक नोड काढल्यावर पडदा पुन्हा रंगवला तर हजारो नोडांचे काम संथ होते आणि वृक्ष लुकलुकतो. विंडोज फॉर्म्समध्ये ‘बिगिनअपडेट’ व ‘एंडअपडेट’, तर डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये ‘फ्रीझ’ व ‘थॉ’ या जोड्यांच्या मध्ये काम उरकले की रंगकाम शेवटी एकदाच होते. मध्येच त्रुटी आली तरी जोडीतील दुसरी पद्धत बोलावली जाईल याची तजवीज ठेवावी लागते. नाहीतर वृक्ष गोठलेलाच राहतो. दृश्यातील बदल नेहमी उपयोजनाच्या मुख्य धाग्यावर करावेत, हा नियम बहुतेक साधनसंचांत लागू आहे.

मोठ्या वृक्षांत अपत्ये गरजेपुरतीच भरली जातात: पालक उघडला की भरायची आणि मिटला की हवे तर काढून टाकायची. सर्व अपत्ये काढल्यावर उघडण्याची खूणही जाते; म्हणून अशा रचनेत एक नामधारी अपत्य ठेवतात किंवा ‘याला अपत्ये आहेत’ अशी नोंद स्वतंत्रपणे करतात.

पूर्ववत करणे आणि वापरकर्त्याचे संरक्षण

वृक्षातील एका नोडवर डिलीटची कळ दाबणारा वापरकर्ता कित्येकदा त्याखाली मिटलेल्या अवस्थेत काय काय आहे हे पाहत नसतो. ‘कादंबरी’ हा एकच शब्द पडद्यावर दिसतो; त्याखाली शेकडो नोंदी असू शकतात. म्हणून पुष्टी मागताना केवळ नोडचे नाव न देता त्याखालील घटकांची संख्याही सांगणे उचित ठरते. तसेच ‘यादीतून काढा’ आणि ‘डिस्कवरून पुसा’ या क्रिया शब्दांनी स्पष्ट वेगळ्या ठेवाव्या लागतात. दोन्हींसाठी ‘काढा’ हा एकच शब्द वापरला तर वापरकर्ता नुसती यादी आवरत असल्याच्या समजुतीत मूळ फाइल गमावू शकतो.

अधिक भक्कम उपाय म्हणजे क्रिया पूर्ववत करण्याची सोय. त्यासाठी तीन गोष्टी जपाव्या लागतात: काढलेला उपवृक्ष, त्याचा पालक आणि भावंडांमधील त्याचे स्थान. स्थान न जपल्यास नोड परत येतो, पण यादीच्या शेवटी. अनेक अपत्ये शेवटून सुरुवात करून काढली असतील, तर ती परत जोडताना उलट क्रमाने, म्हणजे सर्वांत शेवटी काढलेले आधी, जोडावी लागतात. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडेस यांच्या १९९४ मधील ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात वर्णिलेला कमांड हा आकृतिबंध या कामासाठी वापरला जातो. त्याच ग्रंथातील काँपोझिट हा आकृतिबंध वृक्षरचनेविषयी आहे. अपत्य काढण्याची पद्धत सर्व नोडांना द्यावी की केवळ अपत्ये असू शकणाऱ्यांनाच द्यावी, याची चर्चा त्यात आहे. सर्वांना दिल्यास वापरात एकसारखेपणा येतो, पण पर्णाकडे निरर्थक मागणी करता येते. मोजक्यांना दिल्यास सुरक्षितता वाढते, पण प्रत्येक वेळी नोडचा प्रकार तपासावा लागतो.

हेही पाहा

वृक्ष (विदासंरचना)
मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर
स्मृती व्यवस्थापन
आलेखी वापरकर्ता अंतराफलक